उमेदवारी की वेठ?

गेल्या महिन्यात येथील मंडळात एका निवृत्त अधिकारी गृहस्थांचे भाषण झाले. दिल्लीत उभी हयात काढलेले, सचोटीचे म्हणून नावाजलेले हे गृहस्थ. 'आजच्या मुलांस कष्ट नकोत' हा त्यांचा विषय. मोठमोठ्या लेखापरीक्षण पेढ्यांत आर्टिकलशिप करावयास गेलेली मुले चार महिन्यांतच रडू लागतात, असा दाखला त्यांनी दिला आणि 'उमेदवारी ही तपश्चर्याच असते' असे सांगून टाळ्या घेतल्या. टाळ्या वाजविणारांत आम्हीही होतो, हे आरंभीच कबूल करतो. घरी आलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. अशाच एका पेढीत शिकणारा आमचा भाचा अजून यावयाचा होता. त्याचे ताट झाकून ठेवलेले पाहिले आणि वाजविलेल्या टाळ्यांची लाज वाटली. हा लेख त्या लाजेपोटी लिहीत आहोत.

आम्ही पडलो केंद्र सरकारचे कारकून. सरकारी धोरणावर टीका करण्यास आचारनियमांनी आम्हांस मज्जाव आहे. सुदैवाने प्रस्तुत विषय खाजगी पेढ्यांचा असल्यामुळे लेखणीस तेवढी मोकळीक मिळाली आहे.

भाचा सांगलीचा. इंटरमीजिएट परीक्षा पहिल्याच खेपेस उत्तीर्ण झाला आणि जगभर शाखा असलेल्या एका पेढीत त्यास जागा मिळाली. ताईने गल्लीत पेढे वाटले. आम्हीही कचेरीत पेढीचे नाव सांगताना आवाज किंचित चढविला. दोन खोल्यांच्या सरकारी घरात त्याची गादी पडली आणि तो रोज मेट्रोने गुरुग्रामास जाऊ लागला.

ही उमेदवारी आहे तरी काय, हे पाहू. सनदी लेखापालांची संस्था १९४९ च्या कायद्याने, त्या वर्षीच्या १ जुलैस स्थापन झाली. पुस्तकी परीक्षांबरोबर अनुभवी लेखापालाच्या हाताखाली काम शिकल्याखेरीज सनद देऊ नये, हा तिचा दंडक इंग्लंडातील रूढीवरून आला. त्या देशी एके काळी शिष्याचा बापच गुरूला भरभक्कम रक्कम मोजीत असे. आपल्याकडे आज शिष्यास अल्पसे विद्यावेतन मिळते. २०२३ च्या जुलैपासून ही मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. पूर्वी अशा मुलास 'आर्टिकल्ड क्लार्क' म्हणत, आता 'आर्टिकल्ड असिस्टंट' म्हणतात. कारकून हा शब्द गेला, कारकुनी राहिली. आठवड्यास ३५ तासांचे प्रशिक्षण, असे संस्थेचे नियम सांगतात. दंडक शहाणपणाचा आहे. लेखापरीक्षण हे पोहण्यासारखे आहे, ते काठावर बसून येत नाही, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे.

आता प्रत्यक्ष पाहा. मार्चअखेरीस हिशेबाचे वर्ष संपते, आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांस साठ दिवसांच्या आत तपासलेले वार्षिक आकडे जाहीर करावे लागतात. त्यामुळे एप्रिल-मे हे दोन महिने म्हणजे ह्या पेढ्यांची सुगी. ३१ मार्चला भाचा मानेसरच्या एका गोदामात खोकी मोजीत होता. एप्रिलात व्हाउचरांवर टिका करीत होता. मे महिन्यात तो रात्री एक-दीडला पेढीच्या टॅक्सीने येई आणि सकाळी नवास पुन्हा बाहेर पडे. ह्या दोन महिन्यांत त्याने अंतिम परीक्षेचे एकही पान उलटले नाही. एवढ्यावर आम्ही लेखणी उचलली नसती. तरुण वयात चार रात्री जागल्याने कोणाचे काही बिघडत नाही, असे आम्हीही म्हटले असते.

लेखणी उचलावी लागली ती एका शुक्रवारी पाहिलेल्या प्रकारामुळे. ह्या पेढ्यांत प्रत्येकास आठवड्याचे टाइमशीट भरावे लागते. कोणत्या कामावर किती तास खर्ची पडले, त्याची ती नोंद. भाचा ते भरीत होता. सोमवार आठ, मंगळवार आठ, बुधवार आठ. आम्ही शेजारी बसलो होतो.

"अरे, काल तर तू पंधरा तास होतास ना?"

"मामा, बजेट आठांचंच आहे. जास्त लिहिलं तर मॅनेजरचा फोन येतो."

गंमत अशी की हा खोटा आकडासुद्धा नियमातील ३५ तासांपेक्षा आठवड्यास पाच तासांनी अधिकच होता!

आमच्या सरकारी कचेऱ्यांवर लोकांचा आरोप असा, की तेथे न केलेल्या कामाचे तास हजेरीपटावर दिसतात. येथे केलेल्या कामाचे तास कागदावरून नाहीसे होतात. दोन्ही लबाड्याच, आणि दुसरी आम्हांस अधिक भयंकर वाटते. दुसऱ्याच्या हिशेबातील खोट हुडकून काढणे हे ज्याचे उद्याचे व्रत, त्याचा आजचा पहिला पाठ स्वतःच्याच दिवसाचा खोटा हिशेब लिहिण्याचा असावा, ह्यापरते दुर्दैव कोणते?

ह्यामागील यंत्र समजून घेतले पाहिजे. ग्राहक कंपनीकडून मिळावयाची फी आगाऊ ठरलेली असते. तीत बसतील एवढे तास कामास नेमून दिले जातात. काम अर्थातच तेवढ्यात होत नाही. अधिक तास नोंदले तर मॅनेजरचे अंदाजपत्रक फसले असे दिसते. म्हणून ते नोंदू नयेत अशी न लिहिलेली आज्ञा असते. पुढील वर्षीचा अंदाज गेल्या वर्षीच्या नोंदीवर बांधला जातो, आणि असत्य बिनबोभाट पुढे ओढले जाते. वरच्यास खालच्याचे जागरण ठाऊक असते, खालच्यास वरच्याची अडचण ठाऊक असते, आणि कागदावर सर्व आलबेल असते.

ह्यात भाच्याचे नुकसान आहेच, पण समाजाचे त्याहून मोठे आहे. पहाटेपर्यंत जागलेला मुलगा चाळिसाव्या व्हाउचरावर टीक करतो तेव्हा तो व्हाउचर पाहत नसतो. 'गेल्या वर्षीचे कागद काढ आणि तसेच भर' असे त्यास सांगितले जाते, आणि तो तसेच भरतो. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच लिहून कळविले, की ताळेबंदातील रोकड व बँकशिल्लक ह्यांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. त्या ताळेबंदांवर जगद्विख्यात लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या. बँकेतील शिल्लक थेट बँकेकडून लेखी मागवून ताळून पाहावी, हा लेखापरीक्षणाचा ओनामा आहे. ओनाम्याची ही कामे मुख्यतः नवशिक्यांच्याच हाती असतात. तेव्हा नवशिक्यास शिकविले जाते की केवळ राबविले जाते, हा प्रश्न तुमच्या-आमच्या भविष्यनिर्वाह निधीपर्यंत येऊन पोहोचतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप, 'आम्हीही सोसले.' सोसले असेल. परंतु आपण सोसलेला अन्याय पुढच्या पिढीने सोसलाच पाहिजे, हा न्याय सासुरवासाचा आहे. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत नोकरीची आशा धरून बिनपगारी खरडणारे उमेदवार असत. ती पद्धत गेली म्हणून कोणी गळा काढल्याचे आम्ही ऐकले नाही.

दुसरा आक्षेप, 'नको असेल तर सोडावे.' सोडावे कसे? मध्येच पेढी बदलावयाची तर ज्या गुरूविरुद्ध तक्रार, त्याचीच संमती मागावी लागते. आणि सोडले तर सांगलीत वाटलेल्या पेढ्यांचे काय?

तिसरा आक्षेप विचारार्ह आहे: 'मोठ्या पेढीत शिकावयास मिळते.' होय, मिळते. त्याच्या पेढीतील एका वरिष्ठ बाईंनी तीन संध्याकाळी भाच्यास शेजारी बसवून बँकेचा जुळवणी-तक्ता कसा वाचावा आणि संशय कोठे घ्यावा हे समजावून दिले. त्या तीन दिवसांविषयी तो अजून उत्साहाने बोलतो. आमचे म्हणणे एवढेच, की त्या तीन संध्याकाळी म्हणजे उमेदवारी, बाकीची वेठ. वेठीस गुरुकुलाचे नाव देऊ नये.

२०२४ च्या जुलैत पुण्यात एका जागतिक पेढीत नुकत्याच नोकरीस लागलेल्या एका तरुण सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. तिच्या आईने पेढीच्या प्रमुखांस लिहिलेले पत्र त्या सप्टेंबरात देशभर वाचले गेले. माउलीने कामाच्या अतोनात भाराकडे बोट दाखविले. प्रमुखांनी ते कारण मानले नाही. केंद्रीय श्रम मंत्रालयाने चौकशी जाहीर केली. खरे काय ते ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण अशा प्रसंगी माणूस प्रत्यक्ष किती तास राबत होते, हे सांगणारा कागद कोठून आणावयाचा? टाइमशीटावर तर आठच असतात!

म्हणून आमची मागणी कोणास जड वाटू नये. ३५ तासांचा नियम आहे तो पाळला जावा. तास लिहावयाचे तर खरे लिहावेत. आणि शिकविले काय, हे संस्थेने गुरूइतकेच शिष्यासही, त्याचे नाव गुप्त राखून, विचारावे. संस्थेच्या मुद्रेवर कठोपनिषदातील वचन आहे. इतर निजले असता जो जागा असतो, त्याच्याविषयीचे. त्या जागृतीचा अर्थ वीस-एकवीस वर्षांच्या पोरांनी दीड वाजेपर्यंत आकडे उतरवीत बसावे, असा खचित नसावा.

राहता राहिली एक गोष्ट. त्या शुक्रवारी भाच्याने आम्हांस विचारले होते, "मामा, खरे तास लिहू का?" आम्ही क्षणभर थांबून म्हणालो, "आठच लिही. उगाच वाकड्यात शिरू नकोस." ज्या यंत्राविरुद्ध एवढे लिहिले, त्याचे एक चाक आमच्या घरातही फिरत आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-भाचे आज अशा पेढ्यांत आहेत. आपण त्यांस काय सांगता, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. येत्या शुक्रवारी तो टाइमशीट उघडील तेव्हा 'असेल ते लिही' असे आम्ही त्यास सांगणार आहोत. मग फोन आला तर तो आम्हांलाही ऐकू येईल. घर दोन खोल्यांचेच आहे.