गिल्डची लेव्हल ठरवायची असेल तर आधी बचत गटाचं दप्तर बघा

या आठवड्याच्या व्हिडिओत गेम बनवणाऱ्या तिघांचा विषय थोडक्यात घेतला होता, इथे सविस्तर लिहिते. किराणा, टेलरिंग, क्लाउड किचनवाल्यांनी लगेच पुढे सरकू नका. ज्यांच्या धंद्यात मेंबरशिप, ग्राहकांचा ग्रुप, रेफरलची स्कीम असं काहीही आहे, त्यांनाही हे लागू पडतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. ऑनलाइन गेममध्ये गिल्ड ठेवणार असाल तर त्याची प्रगती माणसं किती जमवली आणि पॉइंट किती ओतले यावर मोजू नका. गट किती नियमित चालला यावर मोजा. हे कसं मोजायचं ते आपल्याकडचे बचत गट कित्येक वर्षं करून दाखवतायत.

ज्यांनी गेम कधी खेळला नाही त्यांच्यासाठी: गिल्ड म्हणजे खेळाडूंचा कायमचा गट. फ्री फायरमध्ये त्याला गिल्ड म्हणतात, क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये क्लॅन. गटाला नाव असतं, लीडर असतो, गटाची लेव्हल असते, आणि लेव्हल वाढली की सगळ्यांना काहीतरी मिळतं. गेम कंपनीला गिल्ड का हवं असतं? कारण माणूस गेमला कंटाळला तरी मित्रांसाठी ॲप उघडतो. आपल्या चहाच्या टपरीचंही तेच आहे की!

माझ्या शनिवारच्या बॅचमध्ये तीन मुलं आहेत. दोघं हिंजवडीत आयटीत, तिसरा चाकणला एका कंपनीत शिफ्टमध्ये. सुट्टीत बसून मोबाइल गेम बनवतायत. पुण्यात गेम बनणं आता नवलाचं राहिलेलं नाही. युबिसॉफ्टचा स्टुडिओ इथे २००८ पासून आहे, आणि सुपरगेमिंग या पुण्याच्या कंपनीने 'इंडस' हा गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये बाजारात आणला. तर या तिघांनी त्यांच्या गिल्डचा आराखडा मला वाचायला दिला. तीस लेव्हल. एका गिल्डमध्ये शंभर जण. सगळ्यांचे पॉइंट बेरीज करून लेव्हल वाढणार. लेव्हल वाढली की लढाईतली ताकद वाढणार. ४९ रुपयांचा गिल्ड पास, आणि दर आठवड्याला पहिल्या आलेल्या गिल्डला रोख बक्षीस, ते लीडर वाटणार.

कागदावर छान दिसतं. पण हा खेळ खेळणार कोण? कोकणे चौकाजवळच्या माझ्या दुकानात गूगल प्लेचे रिचार्ज कोड घ्यायला शाळेतली पोरं येतात. एकदा एक जण घाईघाईने म्हणाला, "काकू, लवकर द्या ना, रात्री बारापर्यंत पॉइंट नाही भरले तर लीडर किक करणार आहे." तेरा-चौदा वर्षांचं पोर, आणि लीडर कोण ते त्याला माहीतही नाही. सगळ्यांची बेरीज हाच नियम ठेवला की लीडरला प्रत्येक माणूस म्हणजे एक आकडा वाटायला लागतो. कमी आकडा आणणारा बाहेर. मग पोरगं एक तर झोप मोडतं, नाही तर बाबांच्या फोनवरून यूपीआय करतं.

हे मोठ्या कंपन्यांनीही करून बघितलंय. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या जगभर गाजलेल्या गेममध्ये डिसेंबर २०१० मध्ये गिल्डला २५ लेव्हल दिल्या. लेव्हल वाढली की सभासदांना फायदे: अनुभवाचे पॉइंट जास्त, घोडा जास्त जोरात, असं बरंच. एक फायदा असा होता की सभासदाने सोनं मिळवलं की त्याच्या काही टक्के जादा सोनं गिल्डच्या तिजोरीत आपोआप पडायचं. दुकानदाराच्या नजरेने बघा, यातून काय होणार? लोकांनी अनोळखी नव्या खेळाडूंना घाऊक भावात गिल्डमध्ये ओढायला सुरुवात केली. ना ओळख, ना गप्पा, नुसती डोकी. कारण प्रत्येक डोक्यामागे तिजोरीत भर. आणि ज्या पाच-सात मित्रांना स्वतःचं छोटं गिल्ड नव्याने काढायचं होतं, त्यांच्याकडे कोण येणार? लेव्हल एकच्या गिल्डमध्ये फायदे शून्य. तो तिजोरीवाला फायदा कंपनीने २०१२ मध्ये काढला, आणि २०१४ मध्ये गिल्डची लेव्हल हा प्रकारच बंद केला. चार वर्षांत गुंडाळलेली गोष्ट आपण तीस लेव्हल करून परत आणायची म्हणजे कमाल आहे.

आता बचत गट बघा. चाकण, खेड, मावळच्या गावांत 'उमेद'चे गट आहेत, शहरात महापालिकेच्या मदतीने चालणारे गट आहेत. सांगवीच्या पवनाथडी जत्रेत यांचेच स्टॉल असतात, मासवडी खाल्ली असेल तुम्ही. पण गटाची 'लेव्हल' कशी वाढते हे किती जणांनी विचारलंय?

गटात साधारण दहा ते वीस जणी. एकविसावी आली तर तिला घेऊन गट फुगवत नाहीत, नवा गट काढतात. मग गावातले गट मिळून ग्रामसंघ, त्यापुढे प्रभागसंघ. म्हणजे वाढ आहे, पण प्रत्येक बाई आपल्या छोट्या गटातच राहते, जिथे बाकीच्यांना तिचं नाव, घर, अडचण ठाऊक असते. गट चांगला की वाईट हे पंचसूत्रीवर ठरतं: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब. पाचही वेळा शब्द एकच आहे, नियमित. सगळ्यात श्रीमंत सभासद कोण, हे कुठेच विचारत नाहीत.

आणि बक्षीस? गट किमान सहा महिने चालू असेल, पंचसूत्री पाळत असेल, मूल्यांकनात पास झाला तर बँक कर्ज देते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पहिल्या वेळी गटाच्या एकूण निधीच्या सहापट किंवा किमान दीड लाख, यातलं जे जास्त असेल ते. ते नीट फेडलं की दुसऱ्या वेळी आठपट किंवा किमान तीन लाख. तिसऱ्या वेळी किमान सहा लाख, तेही गटाने स्वतः कर्जाचं नियोजन करून दिलं तर. मी बीबीए करताना कस्टमर लॉयल्टीवर बरंच वाचलं होतं, पण इतकी स्वच्छ लेव्हल सिस्टिम पुस्तकात दिसली नाही. प्रत्येक पायरीला बक्षीस मोठं होतं आणि सोबत जबाबदारीही मोठी होते. अजून एक नियम मला फार आवडतो: बंद पडलेला गट पुन्हा उभा राहून तीन महिने नीट चालला, तर त्यालाही कर्ज मिळू शकतं. गेममध्ये झोपलेल्या गिल्डला असा रस्ता कोण ठेवतं?

बचत गटात सगळं गोड असतं असं मी म्हणत नाही. अध्यक्ष बाईच सगळं चालवते आणि बाकीच्या सही करतात, असेही गट असतात. म्हणून तर दप्तर सगळ्यांसमोर वाचायचं आणि बँकेतून पैसे काढायला एकीची सही चालत नाही.

या तिघांना मी सांगितलं ते असं. शंभर काढा, वीस ठेवा. एका खेळाडूचे आठवड्याला जास्तीत जास्त १०० पॉइंटच गिल्डच्या खात्यात धरा, आणि गिल्डचं लक्ष्य १,२०० ठेवा. म्हणजे किमान बारा जणांना हातभार लावावाच लागेल, एका पोराने रात्रभर जागून काही होणार नाही. क्लॅश ऑफ क्लॅन्सच्या क्लॅन गेम्समध्येही एका माणसाच्या पॉइंटला मर्यादा असते, तेव्हा हे अगदीच नवीन नाही. लक्ष्य गाठलं तो आठवडा 'चालू' धरायचा. असे सहा आठवडे झाले की पुढची लेव्हल. एक आठवडा हुकला तर मोजणी थांबेल, शून्यावर जाणार नाही.

आठवडाच का, रोज का नको? याचं उत्तर चाकणवाल्यानेच दिलं. त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. फर्स्ट, सेकंड, नाइट. बऱ्याच परदेशी गेमचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो, कारण त्यांचं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं. नाइट शिफ्टचा माणूस तेव्हा मशीनवर असतो. त्याची रोजची साखळी तुटते आणि ॲप त्याला लाल अक्षरात आठवण करून देतं. आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या पोरांसाठी गेम बनवताय तर निदान शिफ्टचं वेळापत्रक समोर ठेवा.

लेव्हलचं बक्षीस म्हणून लढाईतली ताकद बिलकुल नको. त्याऐवजी मोठी तिजोरी, गिल्डचं स्वतःचं मैदान, स्वतःची स्पर्धा भरवायचा अधिकार, दोन-तीन गिल्ड मिळून संघ करायचा अधिकार. तिजोरीतून काही काढायचं तर दोघांची संमती, आणि कोणी काय घेतलं ती यादी सगळ्यांना दिसली पाहिजे.

हिंजवडीवाल्या एकाचा आक्षेप रास्त होता: "ताई, जो जास्त खेळतो त्याला कमी खेळणाऱ्याइतकंच दिलं तर तो निघून जाईल." खरंय. म्हणून वैयक्तिक प्रगती वेगळी ठेवा. त्याला बिरुदं द्या, पोशाख द्या, नावाभोवती सोनेरी चौकट द्या, हवं तितकं मिरवू दे. फक्त गिल्डच्या पेटीतला वाटा हातभार लावणाऱ्या सगळ्यांना सारखा. गटात बचतही सगळ्या जणी सारखीच करतात. कर्ज मात्र गरजेप्रमाणे कमी-जास्त मिळतं.

रोख बक्षिसावर मात्र मी ऐकून घेणार नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे भरून, पैसे जिंकायच्या आशेने खेळायचा ऑनलाइन खेळ त्यात सरळ बंद आहे, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैशांत बदलता येणारी नाणी आणि टोकनही त्यात धरली आहेत. ४९ रुपयांचा पास घ्या आणि आठवड्याला रोख जिंका, ही रचना नेमकी त्याच वाटेने जाते. पास विकायचा तर त्यात पोशाख-सजावट विका, आणि तेही वकिलाला दाखवून. दोन हजारांची फी वाचवायला जाऊ नका.

आता अडलंय ते गिल्ड सोडणाऱ्यावर. वॉरक्राफ्टमध्ये गिल्ड सोडलं की त्या गिल्डमध्ये कमावलेली पत जायची, त्यामुळे वैतागलेली माणसंही चिकटून राहायची. बचत गटात बाई सोडून गेली तर कर्ज वळतं करून तिची बचत तिला परत देतात. मी म्हणते, गेममध्येही जाणाऱ्याला त्याने मिळवलेलं सगळं घेऊन जाऊ द्या, फक्त नव्या गिल्डमध्ये पहिले दोन आठवडे पेटीतला वाटा नाही, म्हणजे बेडूकउड्या थांबतील. चाकणवाल्याला हे पटलंय. हिंजवडीवाले म्हणतात, जाणाऱ्याने निम्मं तरी ठेवून जावं. पुढच्या शनिवारी बॅचमधल्याच वीस जणांना गेम देऊन दोन्ही पद्धती खेळून बघणार आहोत. त्यात दोन आज्या आहेत, ज्यांनी गेम कधी उघडलेला नाही, पण गट बारा वर्षं चालवलाय.