तिजोरीतले कागद

पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली. मूळ ग्रंथ अतिशुद्धच, पण पाठांतरांमुळे त्यात अशुद्धे शिरली म्हणून हे काम करावे लागले, असे त्यांनी शेवटी नमूद केले आणि जाता जाता एक ताकीदही दिली. या पाठात जो कोणी आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी आणून ठेवली असे समजावे, असा तिचा आशय. प्राचीन मराठीच्या तासाला मी वर्षानुवर्षे ही ओवी नाथांच्या नम्रतेचे उदाहरण म्हणून शिकवत आलो. मागच्या सत्रात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, घालणारा सांगून थोडाच घालणार? मग ही ताकीद नेमकी कोणासाठी?"

मी त्या वेळी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र लक्षात आले की ताकीद घालणाऱ्याला असली, तरी तिचा उपयोग स्वीकारणाऱ्याला आहे. बनावट पाठ एकटा कधीच उभा राहत नाही. तो हवासा वाटणारा किंवा त्याची धास्ती घेणारा कोणीतरी पलीकडे असावा लागतो. हे मनात घोळत असतानाच चाळीस वर्षांपूर्वीचे एक अमेरिकन प्रकरण आठवले. आपल्याकडे ते बहुधा गुन्हेकथा म्हणून वाचले जाते. माझ्या मते ते पाठचिकित्सेच्या अभ्यासक्रमात असायला हवे.

युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी हे मॉर्मन पंथाचे, म्हणजे 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' या संस्थेचे मुख्य ठाणे. हा पंथ 1830 साली जोसेफ स्मिथने स्थापला. आपले संतचरित्रकार शतकांच्या अंतरावरून लिहीत होते. मॉर्मनांच्या संस्थापकाची पत्रे, रोजनिशा, शेजाऱ्यांच्या साक्षी मात्र छापखान्याच्या काळातल्या. साहजिकच या पंथाला जुन्या कागदाचे विलक्षण महत्त्व. याच पंथात 1954 साली जन्मलेला, इंग्लंडमध्ये धर्मप्रचारक म्हणून राहून आलेला मार्क हॉफमन 1980 साली एक कागद घेऊन चर्चकडे आला. सतराव्या शतकातल्या एका बायबलच्या चिकटलेल्या पानांत तो सापडला असे त्याचे म्हणणे. स्मिथने सुवर्णपत्रांवरून उतरवून घेतलेल्या अक्षरांची ती नक्कल असल्याचे मानले गेले. चर्चच्या हस्तलिखित-तज्ज्ञाने अक्षर स्मिथचेच ठरवले आणि हॉफमनचे दुकान सुरू झाले.

पहिला कागद श्रद्धेला पोषक होता. पुढचे तसे राहिले नाहीत. 1981 मध्ये स्मिथने आपल्या मुलाला वारस नेमल्याचा 1844 चा कागद निघाला. मुख्य चर्चने वारसाहक्क मानला होता ब्रिगहॅम यंगकडे, मुलाला मानणारी शाखा वेगळी. म्हणजे कागद खरा तर गादीचा वाद पुन्हा उभा. 1983 मध्ये निघालेल्या पत्रात तरुण स्मिथ गुप्तधन शोधण्याच्या विद्येबद्दल लिहितो. चर्चच्या सर्वोच्च मंडळातील गॉर्डन हिंक्ले यांनी ते 15,000 डॉलरला विकत घेतले आणि ते तिजोरीत गेले. दोन वर्षांनी कुणकुण लागली तेव्हा चर्चच्या प्रवक्त्याने असे पत्र आपल्याकडे नसल्याचे सांगितले, आणि नंतर ते विधान दुरुस्त करून 1985 च्या मे महिन्यात पत्र प्रसिद्ध करावे लागले.

सर्वांत गाजले ते 'सॅलॅमँडर पत्र'. स्मिथचा आरंभीचा सहकारी मार्टिन हॅरिस याने 23 ऑक्टोबर 1830 रोजी लिहिलेले म्हणून. पंथाच्या परंपरेत सुवर्णपत्रांपाशी देवदूत भेटतो. या पत्रात तिथे एक पांढरा सॅलॅमँडर, म्हणजे पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी आहे आणि तोच पुढे आत्म्याचे रूप घेतो. स्टीव्हन क्रिस्टेन्सन या श्रद्धाळू संग्राहकाने 1984 च्या जानेवारीत ते 40,000 डॉलरला घेतले आणि पुढच्या वर्षी चर्चला अर्पण केले. मग सुरू झाली भाष्यकारांची धावपळ. डॅलिन ओक्स हे कायद्याचे जाणकार आणि पंथातील वरिष्ठ. सॅलॅमँडर या शब्दाचा एक जुना अर्थ अग्नीत राहू शकणारा पौराणिक जीव असाही आहे, हे त्यांनी 1985 च्या ऑगस्टमधील भाषणात निदर्शनास आणले. यात हसण्यासारखे काही नाही. अडचणीच्या शब्दाला कोशातला दुसरा अर्थ शोधून द्यायचा, हे आपले टीकाकार आणि आपण प्राध्यापकही करतोच. फरक इतकाच की इथे तो शब्द एका पस्तिशीही न गाठलेल्या माणसाने घरी बसून लिहिला होता.

पत्र खोटे असावे, ही शंका उघडपणे कोणी घेतली? जेराल्ड टॅनर यांनी. जेराल्ड आणि सँड्रा हे टॅनर दांपत्य म्हणजे मॉर्मन पंथावर आयुष्यभर टीका करणारे प्रकाशक. पत्र खरे ठरते तर फायदा त्यांचाच होता. पण 1834 साली छापलेल्या एका मॉर्मनविरोधी पुस्तकातल्या मजकुराशी ते नको इतके जुळते, हे जेराल्ड यांनी ओळखले आणि 1984 मध्येच जाहीरपणे मांडले. त्या जुन्या पुस्तकात बेडकासारखा प्राणी माणूस होतो. आपल्या बाजूचा पुरावा नाकारण्याची ही तयारी मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. आपल्याकडच्या इतिहासाच्या वादांत ती किती जणांनी दाखवली, याचा हिशोब ज्याने त्याने करावा.

शेवट रक्तरंजित आहे. हॉफमनने आणखी मोठा साठा देण्याचे कबूल केले होते. विल्यम मॅक्लेलिन या स्मिथच्या एका जुन्या शिष्याचे कागद. चर्चमधील एका अधिकाऱ्याच्या शब्दावर बँकेने त्याला 1,85,000 डॉलरचे कर्जही दिले. पण साठा नव्हताच. मुदत अंगावर आली तेव्हा 15 ऑक्टोबर 1985 रोजी दोन स्फोट झाले आणि त्यांत क्रिस्टेन्सन आणि कॅथलीन शीट्स ही दोन माणसे मेली. दुसऱ्या दिवशी तिसरा स्फोट हॉफमनच्याच गाडीत झाला. तपासात कागद सूक्ष्मदर्शकाखाली गेले, तेव्हा शाईच्या रेषांवर सुसरीच्या कातडीसारख्या बारीक भेगा दिसल्या. शाई कृत्रिम रीतीने जुनी केल्याची ती खूण होती. (आपल्या पोथ्यांची काजळाची शाई वेगळी, तिला ही कसोटी जशीच्या तशी लावता येणार नाही.) 1987 च्या जानेवारीत त्याने गुन्हे कबूल केले आणि त्याला जन्मठेप झाली.

चर्चची नाचक्की झाली ती फसल्यामुळे, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हे मला पटत नाही. फसले सगळेच. नामांकित हस्ताक्षर-तज्ज्ञ फसले, व्यापारी फसले. वाङ्मयाच्या लोकांनीही फार हुरळून जाऊ नये. हॉफमन तुरुंगात जाऊन दहा वर्षे झाल्यावर, 1997 मध्ये, एमिली डिकिन्सनची एक अज्ञात कविता तिच्या हस्ताक्षरात सोदबीच्या लिलावात आली. अ‍ॅमहर्स्टच्या, म्हणजे कवयित्रीच्या गावच्या, जोन्स ग्रंथालयाने ती 21,000 डॉलरच्या बोलीने घेतली. तीही हॉफमनचीच होती. पण तिथल्या संग्रहपालाने, डॅनियल लोम्बार्डो यांनी, शंका येताच स्वतः शोध घेतला आणि कविता परत केली. ग्रंथालयाचे नाव त्यामुळे खराब झाले नाही, उलट वाढलेच.

चर्चची लाज वेगळ्या जागी आहे. गुप्तधनाचे पत्र खोटे आहे असे वाटले म्हणून ते तिजोरीत गेले नाही. ते खरे आहे असे वाटले म्हणून गेले. सत्य समजून ज्याला कुलूप लावले ते असत्य निघाले, हा दैवदुर्विलास खरा. पण कुलूप लावण्याचा निर्णय त्याने पुसला जात नाही. हॉफमनने ही मानसिकता अचूक हेरली होती. तो वरवर इतिहास विकत होता. त्याचा खरा माल होता मौन. त्यातला व्यापारी हिशोबही पाहण्यासारखा आहे. श्रद्धेला पोषक कागद घेणारा तो चारचौघांत मिरवतो, म्हणजे शंभर डोळे त्यावर पडतात. धास्तीपोटी घेतलेला कागद कोणीच पाहत नाही. नकली कागदाला बंद तिजोरीइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही.

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेता येईल आणि तो आपल्याच मातीतला आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदर अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. मराठीतले आद्य गद्य त्यामुळे शतकानुशतके बाहेरच्या वाचकाला अज्ञात राहिले, पण पंथाच्या आत ते टिकले, हेही खरे. सर्वांच्या ओठी असलेल्या ज्ञानेश्वरीला नाथांकडून शुद्ध करून घ्यावे लागले. मग कुलूप वाईट कसे? मला वाटते, इथे दोन कुलुपे वेगळी केली पाहिजेत. महानुभावांचे कुलूप बाहेरच्यांसाठी होते. आत पाठभेदांची चर्चा चालू होती, कोणत्या आम्नायाचा पाठ कोणता याची नोंद ठेवली जात होती. सॉल्ट लेकचे कुलूप स्वतःच्याच अभ्यासकांवर होते. दुसरी गोष्ट, पुढे मराठी अभ्यासकांना महानुभाव लिप्या वाचता आल्या त्याही पंथातल्या जाणत्यांनी सहकार्य केले म्हणून.

मूळ प्रत समोर नसली की काय होते याचे उदाहरण आपल्याकडे आहेच. वि. का. राजवाडे यांनी 1909 साली ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली, ती एकनाथपूर्व असल्याचा त्यांचा दावा होता. तिच्या भाषेवर आणि काळावर उलटसुलट पुष्कळ लिहिले गेले. राजवाड्यांच्या सचोटीविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण ज्या पोथीवर सारा वाद, ती पोथीच टेबलावर नसल्याने बाजू घेणारे राजवाड्यांवरच्या विश्वासाच्या किंवा अविश्वासाच्या बळावर बोलतात. थोर माणसाच्या शब्दालाही कागदाची जागा घेता येत नाही.

मॉर्मन चर्चने पुढे धोरण बदलले, हे नोंदवले पाहिजे. 1992 साली त्यांच्याच अधिकाऱ्याने, रिचर्ड टर्ली यांनी, या प्रकरणावर सविस्तर पुस्तक लिहिले आणि पुढे जोसेफ स्मिथच्या सर्व कागदांची चिकित्सक आवृत्ती खंडाखंडाने निघाली. टर्लींच्या पुस्तकात एक माहिती उघड झाली. ज्या मॅक्लेलिनच्या कागदांपायी दोन जीव गेले, त्यातल्या खऱ्या रोजनिशा 1908 पासून चर्चच्याच तिजोरीत होत्या. कोणाच्याही स्मरणात नव्हत्या.

हे वाचले तेव्हा मला मराठवाड्यातले एक घर आठवले. आम्ही चार शिक्षक आणि काही विद्यार्थी तिथे पोथ्या पाहायला गेलो होतो. घराण्याकडे एका सत्पुरुषाच्या समाधीची पूजा आहे. माजघरात लाल रुमालात बांधलेले गठ्ठे फळीवर होते. मालक अतिशय सज्जन, आम्हाला आग्रहाने जेवू घातले, पण रुमाल सोडू दिला नाही. "त्यात काय निघेल सांगता येत नाही, उगाच पेपरात यायचे." मी म्हटले, निदान यादी करू, मजकूर वाचणार नाही. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, यादी आजोबांनी केली होती, ती बहुतेक यातल्याच कुठल्यातरी रुमालात असेल.