बापाचे मैदान, लेकीची वाट

गेल्या रविवारी आमच्या वसाहतीतले एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन घरी आले. मुलगी शाळेतर्फे जिल्ह्याच्या धावण्याच्या स्पर्धेला गेली होती. तिचा पाचवा नंबर आला. वडील कारखान्यात कंत्राटी कामगार. बूट, एस.टी.चे भाडे, दोन दिवसांचा खाडा, सगळे मिळून त्यांच्या खिशाला चांगलाच चटका बसलेला. "दादा, पहिल्या तिघींत काही आली नाही. पैसे पाण्यात गेले बघा," ते म्हणाले. पोरगी मान खाली घालून बसली होती.

आम्ही पडलो कारकून. आयुष्य जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात गेले. कोणता पैसा खर्चाच्या बाजूला लिहायचा आणि कोणता भांडवलाच्या, हे आम्हाला कळायला हवे. पण त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. चहा पिऊन बापलेक गेले आणि मग आम्हाला रेनी पॉवेल आठवल्या. त्यांची गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती. ती आज या सदरात सांगतो.

रेनी पॉवेल या अमेरिकेतल्या गोल्फच्या व्यावसायिक खेळाडू. गोल्फ म्हणजे भल्यामोठ्या हिरव्या मैदानावर छोटा पांढरा चेंडू काठीने मारत मारत खळग्यात घालायचा खेळ. असे अठरा खळगे असतात. कमीत कमी फटक्यांत जो पुरे करील तो जिंकला. खेळ साधा, पण मैदान लागते शेकडो माणसांची शेती होईल एवढे. म्हणून तो पैसेवाल्यांच्या हातात राहिला. अमेरिकेत तर गोऱ्या पैसेवाल्यांच्या. तिथे काळ्या माणसाला मैदानात प्रवेश असे तो बहुतेक कॅडी म्हणून, म्हणजे साहेबाच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणारा पोऱ्या म्हणून. व्यावसायिक खेळाडूंची जी मोठी संघटना होती, तिने १९३४ साली सभासदत्व फक्त गोऱ्यांनाच मिळेल असे कलम आपल्या घटनेत घातले. ते काढायला १९६१ साल उजाडले. असे कलम लिहून ठेवणारी मने कशी असतात, हे आमच्या वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

रेनी यांची गोष्ट सांगायची तर वडिलांपासून सुरुवात करावी लागते. बिल पॉवेल यांचा जन्म १९१६ सालचा, दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातला. कुटुंब उत्तरेकडे ओहायो राज्यात आले. तिथे पोरवयातच बिल कॅडीचे काम करू लागले आणि दुसऱ्याच्या काठ्या वाहता वाहता खेळ शिकले. पुढे कॉलेजच्या संघातून खेळले. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते सैन्यात गेले. त्यांची नेमणूक इंग्लंडमध्ये झाली. तिथल्या मैदानांवर त्यांना कोणी अडवले नाही. सुट्टी मिळाली की ते खेळत.

युद्ध संपले. देशासाठी लढून हा माणूस आपल्या गावी परतला, आणि गावातल्या मैदानाचे फाटक त्याला बंद! कातडी काळी, एवढेच कारण. दुसऱ्या देशात खेळायला मोकळीक आणि स्वतःच्या देशात मज्जाव. दुसरा एखादा असता तर कडवट होऊन घरी बसला असता. बिल पॉवेल यांनी ठरवले, की यांच्या फाटकाशी उभे राहून आयुष्य घालवायचे नाही. आपण आपलेच मैदान करायचे, आणि ते कोणालाही बंद ठेवायचे नाही.

ठरवले खरे, पण पैसा कुठला? परतलेल्या सैनिकांना सरकारी हमीवर कर्ज मिळण्याचा कायदा होता. तरी बिल यांना कर्ज नाकारले गेले. मग पैसा कसा उभा राहिला, हे आमच्यातल्या कारकुनाला फार मोलाचे वाटते. दोन काळे डॉक्टर पुढे आले. त्यांनी भागीदार म्हणून आपापला वाटा घातला. उरलेल्या वाट्यासाठी बिल यांच्या भावाने आपले राहते घर गहाण टाकले. डॉक्टरांनी उपकार म्हणून दान दिले नाही आणि बिल यांनी दानासाठी हात पसरला नाही. शिकून वर आलेल्या दोघांनी आणि एका सख्ख्या भावाने मिळून एका जिद्दी माणसाच्या मागे भांडवल उभे केले. १९४६ साली ईस्ट कँटन या गावाजवळ ७८ एकरांचा जुना दुधाचा गोठा आणि त्याची जमीन विकत घेतली गेली. पुढे सवडीने बिल यांनी भागीदारांचे पैसे चुकते करून त्यांचे वाटे विकत घेतले.

त्या जमिनीचे मैदान करायला मजूर लावण्याची ऐपत नव्हती. बिल रात्री एका बेअरिंगच्या कारखान्यात पहारेकरी म्हणून नोकरी करीत आणि दिवसा जमिनीवर राबत. कुंपणाचे जुने खांब उपटले, दगड वेचले, गवताचे बी हाताने पेरले. पत्नी मार्सेला यांनी पोराबाळांचे करता करता या कामालाही खांदा दिला. रात्रपाळी करून घरी येणाऱ्या माणसाचे डोळे कसे चुरचुरतात, हे आमच्या घराघरांत ठाऊक आहे. असे डोळे घेऊन या माणसाने दोन वर्षांत नऊ खळग्यांचे मैदान तयार केले. १९४८ साली ते खुले झाले. नाव ठेवले क्लिअरव्ह्यू. काळ्या माणसाने स्वतः आखलेले, स्वतः बांधलेले, स्वतःच्या मालकीचे आणि स्वतः चालवलेले अमेरिकेतले हे पहिले गोल्फचे मैदान. काळा असो, गोरा असो, फाटक सर्वांना उघडे. इथे रंग बघायचा तो फक्त गवताचा, असे त्या घरचे म्हणणे. बाकीचे नऊ खळगे पुरे व्हायला १९७८ साल उजाडले. म्हणजे एक मैदान पुरे करायला या कुटुंबाने तीस वर्षे दिली. आमच्याकडे दोन वर्षांत फळ दिसले नाही, की आपण काम सोडून देतो.

जमीन घेतली त्याच वर्षी, १९४६ साली, रेनीचा जन्म झाला. म्हणजे मैदान आणि मुलगी बरोबरीनेच वाढली. तीन वर्षांची असताना बापाने तिच्या हातात लहान काठी दिली. शाळेच्या वयात ती स्पर्धा जिंकू लागली. पंधराव्या वर्षापर्यंत घरात तीसच्या वर करंडक जमा झाले होते. विद्यापीठात ती मुलींच्या संघाची कर्णधार झाली. बापाला ज्या खेळासाठी फाटकावरून परत पाठवले, त्याच खेळात लेकीने १९६७ साली व्यावसायिक म्हणून पाऊल टाकले. वय २१.

स्त्रियांच्या व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या दौऱ्यावर त्यांच्या आधी एकच काळी स्त्री आली होती. ती म्हणजे अल्थिया गिब्सन. टेनिसमध्ये विम्बल्डन दोनदा जिंकलेल्या या बाईंनी पुढे गोल्फची काठी हाती घेतली आणि १९६४ साली त्या या दौऱ्यावर दाखल झाल्या. रेनी पॉवेल दुसऱ्या. पुढे कित्येक वर्षे दुसऱ्या म्हणजेच शेवटच्या.

हॉटेलात, खाणावळीत रंगावरून भेद करू नये, असा कायदा अमेरिकेत १९६४ सालीच झाला होता. पण कायदा कागदावर येतो तेव्हा तो माणसांच्या मनात उतरलेला असतोच असे नाही. स्पर्धेच्या गावी पोहोचावे तर हॉटेलात खोली नाकारली जायची. खायला बसावे तर वाढायला कोणी येत नसे. जिवे मारण्याच्या धमकीची पत्रे येत. जरा विचार करा. गोल्फमध्ये हात किंचित थरथरला तरी चेंडू भलतीकडे जातो. तिथे मन शांत लागते. बाकीच्या खेळाडू रात्री झोपून सकाळी मैदानात उतरत. ही मुलगी झोपायला जागा मिळेल का, पत्रात लिहिल्याप्रमाणे खरेच कोणी बंदूक घेऊन गर्दीत उभा असेल का, हा विचार डोक्यात घेऊन उतरत होती. फटके मात्र सगळ्यांचे सारख्याच मापाने मोजले जात.

अशा परिस्थितीत त्या किती खेळल्या? १९६७ ते १९८० अशी तेरा वर्षे, आणि अडीचशेहून अधिक स्पर्धा. १९७१ साली व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या सैनिकांच्या भेटीला गेल्या. १९७३ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन इथे त्यांनी स्पर्धा जिंकली. पण अमेरिकेतल्या त्या दौऱ्यावर एकही विजय त्यांच्या नावावर लागला नाही. आता आमच्या त्या शेजाऱ्यांच्या हिशेबाने पाहिले तर काय म्हणावे? तेरा वर्षे, अडीचशे स्पर्धा, पहिला नंबर शून्य. पैसे पाण्यात गेले!

पण वही इथे बंद करता येत नाही. पुढची पाने वाचायला हवीत.

१९७९ साली इंग्लंडमधल्या सिल्व्हरमिअर क्लबाने त्यांना मुख्य व्यावसायिक म्हणून नेमले. खेळाडूंना शिकवणे आणि क्लबातला खेळ सांभळणे हे त्यांचे काम. ब्रिटनमध्ये त्या जागेवर तोवर स्त्री बसली नव्हती. पुढे आफ्रिकेत त्या पंचवीसहून अधिक वेळा खेळ शिकवायला गेल्या. १९९५ साली त्या आपल्या बापाच्या क्लिअरव्ह्यूच्या मुख्य व्यावसायिक झाल्या. २००१ साली ते मैदान अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत नोंदले गेले. एके काळचा गोठा देशाचा वारसा झाला.

स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज हे गोल्फचे माहेरघर. तिथल्या विद्यापीठाने २००८ साली रेनी यांना मानद डॉक्टरेट दिली. त्याच गावात १७५४ साली स्थापन झालेला गोल्फचा जगप्रसिद्ध क्लब आहे. तेव्हा तिथे बाईला सभासद होता येत नव्हते. २०१४ साली सभासदांनी मतदान करून हे दार उघडले. २०१५ साली ज्या सात स्त्रियांना पहिल्यांदा मानद सभासद केले, त्यांत इंग्लंडच्या राजघराण्यातली राजकन्या अ‍ॅन होती, आणि कारखान्याच्या पहारेकऱ्याची मुलगी रेनी पॉवेलही होती. २०१८ साली त्याच विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहाला पॉवेल यांचे नाव दिले.

बापाचेही ऋण जगाने उशिरा का होईना मान्य केले. ज्या संघटनेने गोऱ्यांपुरते कलम लिहिले होते, तिनेच १९९९ साली बिल पॉवेल यांना आजीव सभासदत्व दिले आणि २००९ साली आपला मोठा सेवा पुरस्कार. ते तेव्हा ९२ वर्षांचे होते. त्याच वर्षीच्या शेवटच्या दिवशी ते वारले. जगले म्हणून मान पाहायला मिळाला. मान मिळायच्या आत गेलेल्यांची मोजदाद कोण ठेवतो?

आम्हाला सगळ्यात मोठी वाटते ती २०११ सालची गोष्ट. त्या वर्षी रेनी पॉवेल यांनी क्लिअरव्ह्यूवर सैन्यातून परतलेल्या स्त्रियांसाठी गोल्फचे मोफत शिक्षण सुरू केले. सैन्यातून परतलेल्या बापाला फाटकावर अडवले गेले होते. लेकीने परतलेल्या सैनिक बायांना त्याच बापाच्या मैदानात बोलावून घेतले. अपमानाची फेड अशीही करता येते.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. रेनी यांनी १९८० साली दौरा सोडला. त्यानंतर तिसरी काळी स्त्री, ला-री सग, त्या संघटनेची सभासद झाली १९९५ साली. मधली पंधरा वर्षे कोणी नाही. म्हणजे एक मुलगी पुढे गेली म्हणून मागे रांग आपोआप लागत नाही. प्रत्येक मुलीच्या मागे कोणीतरी मैदान, काठी, प्रवासाचा पैसा उभा करावा लागतो. रेनीच्या मागे रात्रपाळीचा बाप होता, राबणारी आई होती, घर गहाण टाकणारा चुलता होता आणि दोन डॉक्टर होते. गुणाच्या मुली दुसऱ्या घरांतही असणारच. त्यांच्या मागे एवढी माणसे नव्हती.

म्हणून आम्ही त्या शेजाऱ्यांना सांगणार आहोत, की बुटांचे पैसे खर्चाच्या बाजूला लिहू नका. ते भांडवल आहे. पोरगी जिल्ह्यात पाचवी आली याचा अर्थ जिल्ह्यात तिच्या पुढे फक्त चौघी आहेत. तिला मान वर करून बसायला सांगा.

आणि आमच्यासारख्या नोकरदार बंधू-भगिनींना वेगळे सांगायचे आहे. त्या दोन डॉक्टरांचे नाव कोणत्याही करंडकावर कोरलेले नाही, तरी पहिला पैसा त्यांचा होता. आपल्या वसाहतीत बँकेत, रेल्वेत, महापालिकेत, शाळेत नोकरी करणारे किती जण आहेत ते मोजा. महिन्याला थोडा थोडा वाटा घातला तर एका मुलीचे बूट, खुराक आणि गाडीभाडे निघते. दान म्हणून नको, भागीदार म्हणून द्या. आम्ही येत्या रविवारी वही घेऊन त्या गृहस्थांच्या घरी जाणार आहोत. पहिल्या पानावर आमचा वाटा लिहिलेला असेल. दुसरे नाव कोणाचे लिहायचे, तेवढे कळवा.