जुन्या रायफली, नवे शिक्के

जुन्या लष्करी रायफलींचा संग्रह करणारा एक मोठा वर्ग युरोप-अमेरिकेंत आहे आणि त्याच्या भोंवतीं एक मोठा बाजारहि उभा आहे. संग्रह करण्यास आमची हरकत नाहीं. परंतु त्या बाजारांत जो एक उद्योग ‘जीर्णोद्धार’ या भारदस्त नांवाखालीं चालतो, त्याला तें नांव देण्यास आम्ही तयार नाहीं. एका रायफलीची नळी काढावयाची, ती दुसरीच्या रिसीव्हरला बसवावयाची, जुने आंकडे घासून नवे ठोकावयाचे, आणि ‘सर्व भाग मूळचे’ अशी चिठ्ठी लावून चढी किंमत मागावयाची, याला आमच्या भाषेंत बनावट दस्तऐवज म्हणतात.

रिसीव्हर म्हणजे रायफलीचा पोलादी गाभा. त्यांत पुढून नळी आट्यांनीं घट्ट बसते आणि मागून बोल्ट सरकत येऊन काडतूस कोंडतो. नळी झिजते, रिसीव्हर सहसा टिकतो. म्हणून नळी बदलणें हें सैन्याच्या कारखान्यांतलें नेहमींचें काम. या उद्योगाचे कैवारी नेमका हाच मुद्दा पुढें करतात. सैन्यानें शंभर वेळां केलें तें आम्हीं एकदां केलें तर पाप कसलें, असा त्यांचा सवाल आहे. सवाल वरवर बिनतोड दिसतो, म्हणून त्यांच्याच आवडीचें उदाहरण घेऊं.

फिनलंड १९१७ सालीं स्वतंत्र झाला आणि रशियाच्या मोसिन-नागान रायफली मोठ्या संख्येनें त्याच्या हातीं आल्या. त्या नव्या, गरीब राष्ट्रानें त्या टाकल्या नाहींत. रिसीव्हर रशियन ठेवले व नळ्या नव्या घातल्या. प्रथम कांहीं स्वित्झर्लंड व जर्मनींतून आणविल्या, पुढें साको, टिक्काकोस्की व सरकारी कारखाना यांनीं देशांतच केल्या. १९३९ च्या नमुन्याची फिनी रायफल हातीं घ्या. नळीवर फिनी कारखान्याचें चिन्ह व बहुधा १९४० नंतरचें एखादें साल दिसेल. दस्ता उतरवा, म्हणजे लांकडाखालीं झांकलेल्या रिसीव्हरच्या शेपटीवर तुला, इझेव्हस्क किंवा सेस्त्रोरेत्स्क येथील चिन्ह आणि झारच्या अमदानीचें साल सांपडेल. कधीं कधीं तें चिन्ह फ्रान्समधील शातेलरोचें असतें, कारण १८९१ चा नमुना ठरल्यावर रशियानें पांच लाख रायफलींची मागणी तेथें नोंदविली होती. झारसाठीं घडलेलें पोलाद झारच्या जागीं बसलेल्यांविरुद्ध लढलें, हा सगळा इतिहास त्या दोन ठशांच्या मध्यें आहे. फिनी कारागिरानें शेपटीवरचा ठसा तसाच राहूं दिला आणि नळीवर आपला मारला. एकनाथांनीं ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती शके १५०६ मध्यें, आणि तें साल त्यांनीं स्वतः नमूद करून ठेवलें. म्हणून त्यांच्या प्रतीस कोणी बनावट म्हणत नाहीं. चोरून ओव्या घुसडणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आतां व्यापाऱ्याकडे वळूं. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांकडून जिंकलेल्या माउझर रायफली सोव्हिएत कारखान्यांत मोडून, साफ करून पुन्हा जोडल्या गेल्या. नळी एकीची, बोल्ट दुसरीचा, दस्ता तिसरीचा. ही सरमिसळ हीच त्यांची कहाणी. पण बाजाराला विजेत्याचा पसारा नको, पराभूताची परेडमधील ऐट हवी. मग कानस चालते आणि आंकडे ‘जुळतात’. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यानें यांत भर घातली. १८९८ किंवा त्यापूर्वीं बनलेलें हत्यार त्या कायद्याच्या दृष्टीनें पुराणवस्तु, आणि कायदा हत्यार म्हणून ओळखतो तो मुख्यतः रिसीव्हरला. त्यामुळें त्या सालाआधींच्या शेपटीला भाव आला. पुढची नळी कालची असली तरी चालते! कायद्याला परवान्यापुरती एक रेघ ओढावयाची होती. व्यापाऱ्यानें तिची वंशावळ केली.

शिवाय जिवाचा प्रश्न आहेच. बोल्टचें तोंड आणि नळींत काडतूस जेथें टेकतें ती जागा यांतील अंतर जराहि जास्त झालें, तर पितळी पुंगळी फाटून तप्त वायु नेमबाजाच्या तोंडावर येऊं शकतो. ली-एनफील्डच्या चौथ्या नमुन्यांत हें अंतर साधण्यासाठीं बोल्टचीं शून्य ते तीन अशा चार मापांचीं डोकीं ठेविलीं होतीं. अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलीचे आठ लाखांखालील क्रमांकांचे रिसीव्हर तर, भट्टींतील लालीचा अंदाज नुसत्या डोळ्यांनीं घेऊन पाणी दिलेले. ऊन लख्ख असलें कीं लाली फिकी दिसे, पोलाद वाजवीपेक्षां तापे आणि ठिसूळ होई. १९१७ सालीं कांहीं फुटल्यावर चौकशी झाली व पद्धत बदलली. असल्या गाभ्याला कोरी नळी लावून ती ‘सुधारली’ म्हणणाऱ्याच्या धाडसाचें आम्हांस नवल वाटतें. विशेषतः चाप ओढणारा दुसराच कोणी असतो म्हणून.

हे सारे परक्यांचे उद्योग, असें वाचक म्हणतील. परंतु १८५७ नंतर हिंदी शिपायांसाठीं इंग्रजांनीं एनफील्ड नमुन्याच्या ज्या बंदुका केल्या, त्यांच्या नळ्यांत पेच ठेविलेले नव्हते. त्यामुळें शिपायाच्या गोळीला गोऱ्या सोजिराच्या गोळीचा लांबचा नेम मिळत नसे. पुढें इशापूरच्या कारखान्यांत ली-एनफील्ड रायफलींच्या नळ्या पोखरून ०.४१० इंचाच्या गुळगुळीत केल्या गेल्या, आणि एका वेळीं एकच काडतूस घालून झाडावयाच्या त्या बंदुका पोलिस व पहारेकरी यांच्या हातीं दिल्या. उद्यां कोणी ती ‘बिघडलेली’ नळी काढून पेचदार नळी बसवील आणि म्हणेल, कीं मीं हिला मूळ रूप दिलें. कोणतें मूळ रूप? राज्यकर्त्याचा प्रजेवरील अविश्वास त्या गुळगुळीत नळींत बोट घालून चांचपतां येत होता. तेवढाच भाग त्यानें भंगारांत घातला.

नेमबाजीसाठीं झिजलेली नळी बदलावयाची तर खुशाल बदला. नव्या नळीवर आपलें नांव व आजचें साल ठोका, जुनी नळी चिठ्ठी बांधून बंदुकीबरोबर ठेवा, आणि विकतांना दस्ता उतरवून दोन्ही ठसे गिऱ्हाइकाला दाखवा. संग्रहालयांनींहि बंदूक घेण्यापूर्वीं लांकूड उतरवून पाहावें.