चूक करणाऱ्याच्याच हाती चुकीचा निवाडा नको : पतमाहितीतील नोंदींबाबत निवेदन

स्थळ : चिंचपोकळी, मुंबई
दिनांक : १५ मार्च २०२५ (जागतिक ग्राहक हक्क दिन)

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, केंद्रीय कार्यालय,
शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई – ४०० ००१

विषय : पतमाहिती अहवालातील चुकीच्या नोंदी, त्या दुरुस्त करण्याची पद्धत आणि कर्जदारास मिळणारी भरपाई यांत बदल करण्याबाबत.

मा. महोदय,

आम्ही चिंचपोकळी, करी रोड, लालबाग आणि काळाचौकी परिसरातील रहिवासी हे निवेदन आपणांस सादर करीत आहोत. आमच्यात गिरणी कामगारांचे वारस आहेत, बेस्टचे व महापालिकेचे कर्मचारी आहेत, टॅक्सीचालक आहेत, लालबागच्या मसाला बाजारातले दुकानदार आहेत, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या भगिनी आहेत. आम्ही कर्ज घेतो आणि ते फेडतो. कर्ज बुडवणाऱ्याची बाजू मांडण्यासाठी हे निवेदन नाही. ज्याने हप्ते थकवले त्याची नोंद राहिली पाहिजे. कारण ती राहिली नाही तर वेळेवर फेडणाऱ्यालाच कर्ज महाग पडते. आमचे म्हणणे न थकवलेल्या हप्त्याच्या, न घेतलेल्या कर्जाच्या आणि फिटूनही न मिटलेल्या नोंदीबद्दल आहे.

१. ही नोंद आमच्या आयुष्यात काय करते

गिरणगावात खाणावळीची आणि वाण्याची उधारी वहीवर चालत असे. पगाराच्या दिवशी ती वही गिऱ्हाइकासमोर उघडली जाई, आणि आकडा पटला नाही तर तिथल्या तिथे विचारता येई. आज आमची पत चार कंपन्यांच्या दप्तरी आहे : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्यांतील सर्वांत परिचित कंपनीचे कार्यालय सेनापती बापट मार्गावर, पूर्वीच्या ज्युपिटर मिलच्या जागेवर, आमच्या घरांपासून थोड्याच अंतरावर आहे. पण तिथल्या नोंदीत आमच्याविषयी काय लिहिले आहे, हे आमच्यापैकी बहुतेकांना कर्ज नाकारले गेल्यावरच कळते. ३०० ते ९०० मधला एक आकडा घराचे कर्ज मिळेल का, मिळाले तर किती व्याजाने, हे ठरवतो. मुलांच्या शैक्षणिक कर्जाचा अर्जही याच आकड्यापाशी अडतो.

आमच्या भागात याचा फटका विशेष बसतो. १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाइंग, स्प्रिंग मिल आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी निघाली. घराची किंमत साडेनऊ लाख रुपये होती. १९८२ च्या संपापासून वाट पाहणाऱ्या कुटुंबाला असे घर लागले, तरी पैसे भरण्याची मुदत ठरलेली असते. त्याच वेळी अहवालात दुसऱ्याची थकबाकी आपल्या नावावर निघाली, तर ती मुदत नोंद दुरुस्त होण्याची वाट पाहत नाही.

२. चुका कुठे होतात

आमच्यापैकी अनेकांनी आपापले अहवाल मागवून पाहिले. त्यांत वारंवार दिसणाऱ्या चुका अशा :

अ) नावाची व पत्त्याची सरमिसळ. एका चाळीत एकाच नावा-आडनावाची दोन माणसे असतात आणि साऱ्या चाळीचा पत्ता एक असतो. जुन्या नोंदीत पॅन क्रमांक नसला, तर एकाचे कर्ज दुसऱ्याच्या अहवालात चढते.

आ) फिटलेले कर्ज चालू दिसणे. बँकेने नो ड्यूज दाखला दिलेला असतो, पण खाते बंद झाल्याची माहिती पुढे गेलेली नसते. बंद केलेल्या क्रेडिट कार्डावर वार्षिक शुल्क चढत राहते आणि त्याची थकबाकी म्हणून नोंद होते.

इ) विकलेले कर्ज. बँकेने थकीत कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकले आणि कर्जदाराने ते नंतर फेडले, तर बँक सांगते त्या कंपनीकडे जा आणि कंपनी सांगते बँकेकडे जा.

ई) बोगस कर्ज. पॅन व आधारच्या प्रती वापरून परस्पर कर्ज उचलले जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका कर्ज ॲपवर असे प्रकार झाल्याचे अनेकांनी अहवाल तपासल्यावर उघडकीस आले. त्या लोकांनी एक रुपयाही घेतला नव्हता.

उ) जामीनदार. सहकारी बँकेत सोबत काम करणाऱ्यासाठी सही केली जाते. मूळ कर्जदाराने हप्ता थकवल्याचे जामीनदाराला कुणी कळवत नाही. ते त्याला स्वतःच्या अहवालातून समजते.

यात पुनर्विकासाची भर पडते. घर रिकामे करून संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत गेलेल्या माणसाचा पत्ता बदलतो, कधी मोबाइल क्रमांकही बदलतो. सूचना जुन्या पत्त्यावर आणि जुन्या क्रमांकावर जातात आणि माणूस अंधारात राहतो.

३. बँकेने केलेल्या सुधारणांची आम्ही नोंद घेतो

आपल्या बँकेने गेल्या काही वर्षांत या विषयात चांगली पावले उचलली आहेत. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षाला एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. १ सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली आल्या. २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकांनी अहवाल कुणी पाहिला किंवा थकबाकी नोंदवली गेली, की कर्जदाराला एसएमएस वा ईमेलने कळवणे बंधनकारक केले आणि तीस दिवसांपुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ठरवली. १ जानेवारी २०२५ पासून माहिती दर पंधरवड्याला अद्ययावत होऊ लागली.

ही पावले का उचलावी लागली, तेही आपल्याच निर्णयांवरून दिसते. जून २०२३ मध्ये आपण चारही कंपन्यांना दंड केला : सिबिलला २६ लाख, क्रिफ हाय मार्कला २५ लाख ७५ हजार, एक्स्पिरियनला २४ लाख ७५ हजार आणि इक्विफॅक्सला २४ लाख २५ हजार रुपये. अचूक व पूर्ण माहिती न ठेवणे आणि तक्रारींवर मुदतीत कार्यवाही न करणे, ही त्यामागची कारणे होती. म्हणजे चुका होतात, आणि त्या एकट्यादुकट्या माणसाचे गाऱ्हाणे नाहीत, हे आता वेगळे सिद्ध करण्याची गरज राहिलेली नाही.

४. मूळ दोष

एवढ्या सुधारणांनंतरही एक गाठ तशीच आहे, आणि तीच सोडवावी म्हणून आम्ही आपल्याकडे आलो आहोत. पतमाहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, २००५ च्या कलम २१ नुसार कर्जदाराने दुरुस्ती मागितल्यावर तीस दिवसांत कार्यवाही करावी लागते. परंतु त्याच कलमाचे परंतुक सांगते की, कर्ज देणाऱ्या संस्थेने दुरुस्ती बरोबर असल्याचे प्रमाणित केल्यानंतरच पतमाहिती कंपनी ती करू शकते. चूक ज्या संस्थेने पाठवली, तिनेच ती चूक मान्य केली पाहिजे. ती मान्य करीत नाही तोवर कर्जदाराच्या हातातला दाखला, पावती किंवा पोलिसांतील तक्रार यांना मोल नाही.

प्रत्यक्षात घडते ते असे. कर्जदार कंपनीकडे तक्रार करतो. कंपनी ती बँकेकडे पाठवते. बँकेच्या संगणकात जी नोंद आहे तीच पुन्हा वाचून नोंद बरोबर असल्याचे उत्तर येते आणि तक्रार बंद होते. मूळ कर्जकरार कुणी उघडत नाही, कर्जाचे पैसे कोणत्या खात्यावर गेले ते कुणी पाहत नाही. कर्ज घेतलेच नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे ज्याच्याकडे त्या कर्जाचा एकही कागद नाही त्याच्यावर पडते. वादातील दोन पक्षांपैकी एकालाच न्यायाधीश केल्यावर दुसरा निकालाची अपेक्षा कुणाकडून करणार?

याहून वेगळी व्यवस्था शक्य आहे. अमेरिकेत १९७० पासून फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट आहे. त्यानुसार वादातील नोंद चुकीची, अपुरी किंवा पडताळता न येणारी ठरली, तर ती काढून टाकावी लागते. नोंद टिकवायची असेल तर तिची सत्यता दाखवावी लागते, हे तिथले तत्त्व आहे. तिथेही चुका थोड्या नाहीत : फेडरल ट्रेड कमिशनने १,००१ ग्राहकांचे अहवाल तपासून २०१३ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात दर पाचांपैकी एकाच्या किमान एका अहवालात चूक आढळली होती. निदान अशी तपासणी झाली आणि ती लोकांसमोर आली.

५. भरपाई आणि नुकसान

दिवसाला १०० रुपये ही भरपाई एकतिसाव्या दिवशी सुरू होते आणि तक्रार बंद झाली की थांबते. आता नुकसानीचा हिशेब पाहावा. दहा लाखांचे गृहकर्ज वीस वर्षांसाठी ९ टक्क्यांऐवजी १० टक्क्यांनी घ्यावे लागले, तर मासिक हप्ता सुमारे ६५० रुपयांनी वाढतो आणि पूर्ण मुदतीत कर्जदार दीड लाखाहून अधिक रक्कम जास्त भरतो. चुकीची नोंद तीस दिवसांच्या आत दुरुस्त झाली, पण तेवढ्यात कर्ज महाग व्याजाने घ्यावे लागले किंवा घराची मुदत उलटली, तर आजच्या नियमाने भरपाई शून्य आहे.

६. आमच्या मागण्या

१) पुराव्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर टाकावी. तक्रार आल्यावर, तीस दिवसांपैकी आजच्या नियमाने कर्ज देणाऱ्या संस्थेच्या वाट्याला येणाऱ्या २१ दिवसांत, संबंधित संस्थेने कर्जकरार, रक्कम कर्जदाराला मिळाल्याचा पुरावा आणि हप्त्यांचा उतारा सादर करून त्याची प्रत कर्जदाराला द्यावी. कागद आले नाहीत तर नोंद काढणे त्या संस्थेवर बंधनकारक करावे. अधिनियमाच्या कलम ११ खाली असे निर्देश देण्याचा अधिकार आपणांस आहे. तसेच कलम २१ चे परंतुक बदलण्याची शिफारस केंद्र सरकारकडे करावी.

२) तक्रार दाखल होताच त्या नोंदीवर ती वादग्रस्त असल्याचा स्पष्ट शेरा यावा, आणि निर्णय होईपर्यंत ती पतगुणांकात धरू नये.

३) बोगस कर्जाबाबत पोलिसांत किंवा १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार केल्याचा दाखला दिल्यास सात दिवसांत नोंद रोखावी. आपल्या नावावर नवे कर्ज निघू नये म्हणून अहवाल विनामूल्य गोठवण्याची सोय चारही कंपन्यांत एकाच अर्जावर मिळावी. अमेरिकेत ही सोय सप्टेंबर २०१८ पासून विनामूल्य आहे.

४) नोंद चुकीची ठरल्यास भरपाई तक्रारीच्या दिवसापासून मोजावी. दिवसाला १०० रुपये ही किमान रक्कम मानावी आणि जादा व्याज, बुडालेली अनामत अशी प्रत्यक्ष हानी कागदांनिशी दाखवल्यास ती वेगळी द्यावी. कारण न देता बंद केलेली तक्रार पुन्हा उघडल्यास दिवस पहिल्या तारखेपासून धरावेत.

५) एकदा झालेली दुरुस्ती सात दिवसांत चारही कंपन्यांच्या अहवालांत व्हावी, आणि मागील सहा महिन्यांत ज्या संस्थांनी तो अहवाल पाहिला त्या सर्वांना ती कळवावी.

६) कर्ज नाकारताना लेखी कारण आणि ज्या अहवालावरून ते नाकारले त्याची प्रत, न मागता आणि विनाशुल्क मिळावी.

७) थकबाकीची पहिली नोंद करण्यापूर्वी किमान पंधरा दिवस आधी कर्जदाराला आणि जामीनदारालाही सूचना द्यावी. एसएमएस पोहोचला नाही तर टपालाने पाठवावी. पत्ता व मोबाइल क्रमांक बदलण्याचा अर्ज कोणत्याही शाखेत स्वीकारावा.

८) दरवर्षी स्वतंत्र यंत्रणेकडून अहवालांची नमुना तपासणी करावी. किती तक्रारी आल्या, किती खऱ्या ठरल्या, किती भरपाई दिली, हे आकडे कंपनीनिहाय आणि बँकनिहाय जाहीर करावेत.

९) अहवाल, तक्रार अर्ज आणि तक्रारीचे उत्तर मराठीत मिळावे. महापालिकेच्या ई व एफ दक्षिण विभागांत दर तिमाहीला मदत शिबिर घ्यावे. तिथे बँका आणि चारही कंपन्यांचे निर्णयाचा अधिकार असलेले प्रतिनिधी हजर असावेत, म्हणजे इंटरनेट न वापरणाऱ्या ज्येष्ठांची तक्रार समोरासमोर नोंदवली जाईल.

७. विनंती

यांतील दुसरी, पाचवी, सहावी, सातवी व नववी मागणी परिपत्रकाने तातडीने मान्य होऊ शकते. पहिल्या मागणीतील कायद्याच्या बदलास वेळ लागेल, हे आम्ही जाणतो; पण तोवर कागद दाखवल्याशिवाय नोंद कायम ठेवता येणार नाही, एवढा निर्देश आजही देता येईल. कर्ज वसूल करताना बँक आमच्याकडे प्रत्येक कागद मागते आणि तो आम्ही देतो. आमच्या नावावर थकबाकी लिहिताना तिनेही आपला कागद दाखवावा, इतकीच ही मागणी आहे.

आमच्या प्रतिनिधी मंडळास भेटीची वेळ द्यावी. सोबत येणारे रहिवासी आपापले अहवाल, नो ड्यूज दाखले आणि तक्रारींची उत्तरे घेऊन येतील, ती आपल्या अधिकाऱ्यांनी तपासावीत. प्रत्येक मागणीवर बँकेचा निर्णय साठ दिवसांच्या आत लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
चिंचपोकळी, करी रोड, लालबाग व काळाचौकी परिसरातील रहिवासी
(स्वाक्षऱ्या सोबत जोडल्या आहेत)

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
१) मा. केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली
२) मा. खासदार, दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघ
३) मा. रिझर्व्ह बँक लोकपाल, मुंबई