लेकरं सांभाळणाऱ्या घराचं छप्पर गावानं शाकारावं

तुमच्या गावात असं एखादं घर असेलच. मालकाची स्वतःची दोन लेकरं, आणि शिवाय मेलेल्या बहिणीची, भावाची किंवा कसलंच नातं नसलेल्या शेजाऱ्याची दोन-तीन लेकरं त्याच चुलीवर जेवतात. त्या घरात आजवर अशी कितीतरी पोरं वाढली, शिकली, कामाला लागली. गावाला त्याचं कौतुकही आहे. पण त्या घराकडे एकदा पाऊस चालू असताना जाऊन बघा. माळवदाखाली चार ठिकाणी भगुणी मांडलेली असतील. मागच्या भिंतीला पोट आलेलं असेल. पोरांची दप्तरं प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून खुंटीला टांगलेली असतील.

असं घर दुरुस्त करून देणं हे गावाचं काम आहे, एवढंच आज सांगायचं आहे. मदत कशी गोळा करायची, कुठं चूक होते आणि सरकारकडून काय मिळतं, काय मिळत नाही, तेही नीट समजून घेऊ.

परक्याचं लेकरू घरात घेणं लातूर-नांदेडच्या माणसांना नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चार वाजायच्या आत किल्लारीची जमीन हादरली. सरकारी नोंदीनुसार आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मागं राहिलेल्या पोरांसाठी नळदुर्गला पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी 'आपलं घर' उभं केलं. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढं औसा तालुक्यातल्या हासेगावात रवी बापटले यांनी २००७ साली एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'सेवालय' सुरू केलं. त्याला विरोध झाला, मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहिला, पण लोकांच्या देणग्यांवर ते घर टिकलं.

या संस्थांची नावं आपल्याला ठाऊक आहेत आणि त्यांना मदतही मिळते. ती मिळालीच पाहिजे. पण आजी, मामा, चुलती, शेजारीण यांनी गुपचूप पोटाशी धरलेल्या लेकरांची नोंद कुठल्या पाटीवर नसते. त्यांच्या दारात देणगीची पेटी नसते, आणि त्या माणसांच्या तोंडून मागणंही निघत नाही. म्हणून त्यांचं घर आधी पडायला येतं आणि गावाला ते उशिरा कळतं.

कुणी म्हणेल, त्यांना सरकार पैसे देतं की! देतं, हे खरं. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना सत्तरच्या दशकापासून आहे. एका मुलामागं महिन्याला ४२५ रुपये मिळायचे, पुढं ते ११०० झाले. २०२३ साली योजनेला सावित्रीबाई फुले यांचं नाव देऊन रक्कम २,२५० रुपये करण्यात आली. हिशेब मांडा, दिवसाला ७५ रुपये पडतात. यात पोराचं जेवण, कपडे, वह्या आणि औषधपाणी आलं. या पैशातून कुणी पत्रे बदलू म्हणेल, तर लेकराच्या ताटातूनच काढावे लागतील.

घरकुलाचं म्हणाल, तर २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात घरासाठी १ लाख २० हजार रुपयांची मदत ठरली. ती यादीत नाव असलेल्यांसाठी आणि नवं घर बांधण्यासाठी. जुन्या घराच्या डागडुजीला ती नाही. अतिवृष्टीत घर पडलं तर पंचनामा होतो. आपत्ती मदतीच्या निकषात अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये धरले आहेत, तेही किमान पंधरा टक्के पडझड दिसली तर. म्हणजे भिंत पडल्यावर चार हजार. पडू नये म्हणून काही नाही.

आता यात धोका काय आहे ते सांगतो. संगोपनातल्या लेकराच्या घराची समाजकार्यकर्त्याकडून गृहचौकशी होते. मूल सुरक्षित राहतं का, हे बाल कल्याण समितीला बघावंच लागतं, ते त्यांचं कर्तव्य आहे. घर राहण्याजोगं उरलं नाही असं ठरलं, तर लेकराची सोय दुसरीकडे, कदाचित दूरच्या बालगृहात करावी लागते. ज्या पोरानं एकदा आईबाप गमावले, त्याची शाळा, त्याचे सवंगडी आणि त्याला सांभाळणारी माय भिंतीपायी पुन्हा एकदा सुटायची. हे होऊ द्यायचं का, हा प्रश्न त्या घराचा नाही, गावाचा आहे.

शिवाय आपल्या भागातलं जुनं घर म्हणजे काय, हे १९९३ नं शिकवलं आहे. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सर, त्यावर किलचण आणि त्यावर माती. दरसाल पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर चढतो. गळती थांबते, पण डोक्यावरचं ओझं वाढत जातं. भिंत बाहेरून आणि आतून दगडांच्या दोन थरांची, मध्ये खडी-माती. हादरा बसला की दोन्ही थर सुटतात आणि वरची माती अंगावर येते. किल्लारीत बहुतेक माणसं अशाच भिंती आणि छपरांखाली दबून मेली.

हादरे थांबलेलेही नाहीत. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली-नांदेड परिसरात ४.५ रिश्टरचा धक्का बसला. तेव्हा नांदेडच्या प्रशासनानं लोकांना सांगितलं, की पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड उतरवून घ्या. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढाच धक्का. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात पाणी घरात शिरलं, तेही आपण बघितलं. मातीच्या घरात भिंतीचा पाया एकदा भिजला, की पुढच्या पावसाची वाट बघायची नसते.

पण त्याच भूकंपानं दुरुस्तीचा धडाही दिला. पूर्ण गेलेली ५२ गावं नव्या जागी वसवली, हे सगळ्यांना आठवतं. ज्यांची घरं उभी पण तडकलेली होती, अशी लाखांवर घरं जागेवरच दुरुस्त झाली, हे कमी लोक सांगतात. १९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून ते काम चाललं. पैसे घरमालकाच्या बँक खात्यात हप्त्यानं यायचे, सामान त्यानं स्वतः आणायचं, अभियंता काम बघायचा, मग पुढचा हप्ता. गावागावात बायांच्या मंडळांतून संवाद सहायक नेमल्या होत्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यात मोठं काम केलं. पैसा थोडाच होता, पण नजर गावाची होती, म्हणून काम झालं. आज एका घरासाठी गावानं तेच छोट्या प्रमाणात करायचं आहे.

कसं करायचं? पहिलं, त्या घरच्या माणसांना विचारा. त्यांच्या माघारी वर्गणी काढू नका. काय गळतं, काय आधी हवं, हे त्यांना कळतं. दुसरं, ग्रामसभेत विषय घ्या आणि पाच जणांची समिती करा. त्यात निदान दोन बाया असाव्यात, आणि एक गवंडीकाम जाणणारा. पंचायत समितीच्या अभियंत्याला एकदा घर दाखवा आणि कामाचा अंदाज लेखी करून घ्या. घरकुलाच्या यादीत त्यांचं नाव आहे का, ते आधी ग्रामसेवकाकडून, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, तपासून घ्या. नाव असेल तर दुरुस्तीत पैसा घालू नका. घरकुलाला कमी पडेल तेवढीच भर घाला.

तिसरं, पैशाचं. गावाला वर्गणी जमवता येत नाही असं कुणी म्हणू नये. सप्ताह, यात्रा, भंडारा यांना गाव दरसाल किती उभं करतं, ते आपण सगळे जाणतो. पण सार्वजनिक वर्गणीला कायदा आहे. गणेश मंडळं धर्मादाय कार्यालयाकडून कलम ४१ कची परवानगी घेतात, तशी चौकशी लातूर किंवा नांदेडच्या कार्यालयात आधी करा. पैसे बँकेत दोघांच्या सहीनं ठेवा. पावती पुस्तक छापा. जमाखर्च दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. गावातली चांगली कामं बुडतात ती पैसा कमी पडल्यानं थोडी, हिशेब न दाखवल्यानं जास्त. ग्रामपंचायतीला उत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. त्यातून काही करता येईल का, हे विस्तार अधिकाऱ्याला लेखी विचारा. विचारल्याशिवाय हात घालू नका, नाहीतर लेखापरीक्षणात सरपंच अडकायचा.

चौथं, सगळ्यांकडून रोखच मागू नका. सोयाबीनला पुष्कळदा हमीभावही मिळत नाही, आणि अतिवृष्टीनं कंबर मोडलेली. आमचंच घर गळतंय, दुसऱ्याचं काय शाकारायचं, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. त्यानं एक दिवस हातानं द्यावा. ज्याचा ट्रॅक्टर आहे त्यानं वाळूची, मातीची एक खेप द्यावी. ज्याच्याकडे जुनी सागवानी दारं पडून आहेत त्यानं ती द्यावीत. राशीच्या वेळी पायली-दोन पायली धान्य द्या, म्हणजे कामाच्या दिवसांत गवंडी-मजुरांचं जेवण निघेल. दिवाळीनंतर जमवाजमव, उन्हाळ्यात काम, आणि मृगाच्या आत छप्पर बंद, असा बेत ठेवा.

कामात क्रम चुकवू नका. आधी माळवदावरची जादा माती उतरवा. मग सडके सर बदला, खांब-तुळईच्या जोडाला तिरका आधार द्या. पोट आलेली भिंत वरून गिलावा करून झाकू नका, उतरवून पुन्हा रचा. रचताना थोड्या थोड्या अंतरावर भिंतीच्या आरपार जाईल असा लांब दगड घाला आणि कोपरे नीट बांधून घ्या. रंग आणि फरशी शेवटी, पैसा उरला तर. पत्रे टाकले तर ते आकड्यांनी आवळा, वर दगड ठेवू नका.

आता दोन गोष्टी कटाक्षानं. संगोपनातल्या लेकराचं नाव, फोटो फलकावर, पत्रकात किंवा मोबाईलवर टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं त्याची ओळख उघड करायला मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या पोराला उद्या वर्गात बसायचं आहे, हे ध्यानात ठेवा. मदत घराला करा, लेकराला दयेचं पात्र करू नका. दुसरं, संगोपन म्हणजे दत्तक नव्हे. सांभाळलेल्या लेकराला त्या घरात वारसाहक्क लागत नाही. म्हणून नमुना आठवर घर कुणाच्या नावानं आहे ते बघा. दुरुस्तीनंतर भाऊबंदकीत वाद होऊ नये म्हणून मालकाचं लेखी संमतीपत्र ग्रामसभेच्या दप्तरी ठेवा.

अधिकारी मंडळींनाही एक विनंती. गृहचौकशीत घर गळतं असं दिसलं, तर ती ओळ फक्त अहवालात राहू देऊ नका. सरपंचाला एक पत्र लिहा, अमुक घराला दुरुस्ती लागते म्हणून. गावाला कळायला तेवढं पुरे.

१९९३ च्या त्या पहाटेनंतर पुण्या-मुंबईचीच नव्हे, तर देशभरची माणसं आपल्याकडे धावून आली. तेव्हा आपण घेणारे होतो, त्यात लाज नव्हती. आज एका घरापुरतं देणारं व्हायचं आहे. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. मांडायला फार बोलावं लागणार नाही. पावसात ज्यांनी ते घर बघितलं आहे, त्यांच्यापैकी एकानं उठून उभं राहिलं तरी चालेल.