शोभेची झाडं खुरटली, मातीत काय आहे? नागपूरचं सांडपाणी, गोसे धरण आणि पवनीचा न मोजलेला प्रश्न

पवनी : पाऊस लागला की तालुक्यात झाडं लावायची धावपळ सुरू होते. ग्रामपंचायतीसमोर, शाळेच्या कुंपणाला, पुनर्वसनाच्या गावठाणात, रस्त्याच्या कडेला खड्डे खणले जातात. गुलमोहर, सप्तपर्णी, पेल्टोफोरम, अशोक, कण्हेर लागते. फोटो निघतात. दोन वर्षांनी बघावं तर एक झाड डोक्याच्या वर गेलेलं आणि त्याच्याच शेजारचं गुडघ्याएवढं. पानं बारीक, पिवळट, शेंडा वाळलेला. गावात याचं उत्तर ठरलेलं असतं : पाणी घातलं नाही. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण नदीकाठच्या गावांनी आणखी एका कारणाकडे बघायला हवं. ते कारण म्हणजे मातीत साचणारे जड धातू : शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल.

हे पवनीला का लागू पडतं, ते नदीच्या वाटेवरून कळतं. नाग नदी नागपूर शहराचं सांडपाणी घेऊन निघते. वाटेत पिवळी नदी तिला मिळते. पुढे हे पाणी कन्हानमध्ये जातं आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत मिसळते. तिथून खाली गोसे धरण. २२ एप्रिल १९८८ ला भूमिपूजन झालेला आणि २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प ठरलेला हा प्रकल्प सुमारे अडीच लाख हेक्टर ओलिताखाली आणण्यासाठी आहे. पण वाहत्या नदीचं तळं झालं की जे पूर्वी वाहून जायचं ते बुडाशी बसायला लागतं. नाग नदी साफ करायच्या प्रकल्पाला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे १९२७ कोटी. तो पैसा पाण्यात दिसेपर्यंत जे यायचं ते येतच राहणार.

सांडपाण्यातली बाकी घाण सडते. वास येतो, जलपर्णी माजते, मासे मरतात, पण ती घाण शेवटी कुजून संपते. धातू कुजत नाही. मुलामा देण्याचे कारखाने, बॅटरीची दुकानं, रंग, गाड्यांचे ब्रेक आणि टायर यांतून निघालेला धातू बारीक चिखलाच्या कणाला चिकटतो आणि चिखल जिथे थांबेल तिथे थांबतो. त्यात राखेची भर आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राख कोलार नदीतून कन्हानमध्ये गेली. कोळशाच्या राखेत हे धातू थोड्या प्रमाणात असतातच.

आता झाडाच्या आत काय होतं ते बघू. पहिला मार मुळाच्या टोकाला बसतो. पाणी आणि खत ओढणारं टोक तेच. ते आखडलं, जाड झालं की बारीक तंतुमुळं फुटत नाहीत. वरून पाणी घातलं तरी झाड तहानलेलंच राहतं. शिसं आणि क्रोमियम बरंचसं मुळातच अडकून राहतं, वर फार चढत नाही. कॅडमियम मात्र चलाख आहे. ते जस्तासारखं दिसतं. झाडाला जस्त लागतं, म्हणून मुळाने जस्तासाठी ठेवलेल्या दारातून कॅडमियम आत शिरतं आणि थेट पानापर्यंत जातं. (धानाच्या बांधीत झिंक सल्फेट टाकणाऱ्या कास्तकाराला जस्ताचं महत्त्व सांगायला नको. तेच जस्त फार झालं तर तेही झाडाला मारक ठरतं.) पानात लोह कमी पडायला लागतं, हिरवा रंग नीट बनत नाही. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, दोन पानांमधलं अंतर कमी, पानगळ लवकर, फुलं कमी. मोठ्या झाडाची मुळं खोल गेलेली असतात, ते तग धरून राहतं. मरतं ते पिशवीतून नुकतं काढून लावलेलं रोप.

पण पिवळं पान बघून लगेच धातूचं नाव घेऊ नये. पाणी साचलं, जमीन चुनखडीची असली, खड्डा मुरमात खणला, तरी हीच लक्षणं दिसतात. रस्त्याच्या कडेला तर आधी धूळच बघावी. ओल्या फडक्याने पान पुसलं आणि खाली हिरवंगार निघालं, तर तो दोष धुळीचा. भंडारा–पवनी–निलज मार्गावरच्या झाडांवर अशी धूळ भरपूर बसते. त्या धुळीतही टायरचं जस्त आणि ब्रेकचं तांबं असतं. शिशाचं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं, पण जुन्या रस्त्यांच्या कडेच्या वरच्या मातीत ते शिसं पडून राहतं. खात्री करायची तर माती तपासावी लागते, आणि इथेच खरी अडचण आहे.

कास्तकाराच्या हातात मृदा आरोग्य पत्रिका असते. तिच्यात १२ गोष्टी मोजलेल्या असतात : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. शिसं नाही, कॅडमियम नाही, क्रोमियम नाही. पत्रिकेवर जमीन चांगली निघाली म्हणजे धातू नाहीत, असा अर्थ लावता येत नाही. नदीचंही तसंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातले ५३ नदीपट्टे प्रदूषित ठरवले. ती यादी बीओडीवर, म्हणजे पाण्यातल्या सडणाऱ्या घाणीवर बनते. धातू त्यात धरलेलाच नाही. लोक नदीला नाक दाबून नावं ठेवतात, पण ज्याला वास नाही त्याची तक्रार कोण करणार?

मग शोभेच्या झाडांचा उपयोग काय? एक, ती खाल्ली जात नाहीत. सांडपाण्याच्या गाळाच्या जागेवर वांगी, पालक, मेथी लावली तर पालेभाजी कॅडमियम सहज उचलते आणि ते ताटात येतं. कण्हेर लावली तर ते पानातच राहतं. कण्हेरीला बकरीही तोंड लावत नाही, कारण ती मुळातच विषारी. परदेशात कण्हेरीची पानं तपासून रस्त्याकडेच्या शिशाचा अंदाज काढतात. झाडं धातू किती उचलू शकतात याला सीमा नाही म्हणावं असं एक उदाहरण न्यू कॅलेडोनिया बेटावर आहे. तिथल्या एका जंगली झाडाचा चीक निळसर हिरवा असतो. तो चीक वाळवला तर त्याच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा निकेल निघतो. आपला गुलमोहर असलं काही करत नाही. झाडं लावून जमीन साफ होईल असं कोणी सांगत असेल, तर त्याला साल विचारावं. त्याला दशकं लागतात.

दुसरी गोष्ट पाल्याची. असल्या जागेचा पालापाचोळा खतात गेला किंवा बकऱ्यांपुढे पडला, तर झाडाने वर काढलेला धातू पुन्हा आपल्याकडेच येतो. जाळला तर काही धुरात, बाकी राखेत. आणि ती राख आपण बाडीतच टाकतो.

धान पिकवणाऱ्या तालुक्याने जपानमधल्या जिंझू नदीचं प्रकरण माहीत करून घ्यावं. तिथल्या कामिओका खाणीतलं कॅडमियम नदीत आलं, नदीचं पाणी धानाच्या शेतात गेलं आणि तोच तांदूळ खाऊन माणसांची, त्यातही वयस्क बायांची हाडं ठिसूळ झाली. रोगाचं नाव इताई-इताई, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणाचा रोग असल्याचं मान्य केलं. वैनगंगा म्हणजे जिंझू नव्हे, तिथे खाण थेट डोक्यावर होती. पण तिथेही आधी पाणी शेतात गेलं आणि मोजमाप नंतर झालं.

पवनीत आज ताबडतोब ठरवायचा विषय गाळाचा आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ शेतात न्यायला सरकार प्रोत्साहन देतं. जुन्या मालगुजारी तलावाला शहराचं सांडपाणी लागत नाही, त्याचा गाळ म्हणजे सोनं. पण नाग–कन्हानच्या पाण्यातून बसलेला गाळ वेगळा, आणि दोन्ही ट्रॉलीत भरल्यावर सारखेच काळे दिसतात. नदीकाठच्या डांगरवाड्या, बाड्या, कालव्याखालच्या बांध्या यांचा संबंध या दुसऱ्या गाळाशी आणि पाण्याशी आहे. तो गाळ कोणत्याही खड्ड्यात, मग तो गुलमोहराचा का असेना, टाकण्याआधी तपासला पाहिजे. हे काम जाणणाऱ्या संस्था दूर नाहीत. नीरी नागपुरातच आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोही तिथेच, आणि जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र साकोलीला. एकट्या कास्तकाराने धावपळ करण्यापेक्षा ग्रामसभेने ठराव घ्यावा आणि ठरावात शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल ही चार नावं लिहावीत. नुसतं ‘माती तपासा’ लिहिलं, तर पुन्हा तीच १२ खान्यांची पत्रिका हातात येईल.